रूपचंदची खुंटी

सुरत, १५ जानेवारी १९६१

शेठने कारखान्यात सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. बाकीच्यांनी काल संक्रांतीला पानं फाडून पतंगांना शेपट्या लावल्या. मी चौथी नापास आहे, तरी आमच्या खात्यात त्यातल्या त्यात शिकलेला मीच, म्हणून लिहितो. लिहिताना मास्तरांची भाषा येते, तोंडात घरची आहे. चालेल. वाचणार कोण?

आज सुट्टी. मागाच्या कांड्या भरून भरून बोटंसुद्धा रेशमासारखी गुळगुळीत झाली. आधी शहाद्याला जिनिंगमध्ये होतो, मग नंदुरबारला सायकलच्या दुकानात, मग नवापूरला स्टेशनवर चहा विकला, मग तीन वर्षांपूर्वी इथे. इतके दिवस एका जागी टिकलो याचं मलाच नवल वाटतं. आता पुन्हा पायाला मुंग्या येतात.

खोलीतला जोडीदार ठाकोर सांगतो, त्याचा मामा मुंबईला बंदरात आहे, जहाजावर खलाशी म्हणून लावून देतो. मी होय म्हणालो. समुद्र मी डुमसला पाहिला आहे. काही विशेष नाही, नुसतं पाणी. जमेल.

मायला विचारल्याशिवाय जायचं नाही एवढं ठरवलं आहे. आबांना विचारण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या फराळाला आलेली माणसं ओसरीवर बसलेली असताना मी मागच्या दाराने निघून आलो, तेव्हापासून आबा माझ्याशी बैलाशी बोलतात तेवढंच बोलतात. बैलाशी थोडं जास्तच. त्या वेळी महिनाभर घरी काही कळवलं नव्हतं. मग शहाद्याचा एक कापसाचा व्यापारी सुरत स्टेशनावर दिसला, त्याच्याजवळ निरोप दिला की जिवंत आहे. निरोप पोचला की नाही, कोणी कधी बोललं नाही.

कळसाडी, २९ जानेवारी

पंधरा दिवसांची रजा घेऊन आलो. माय ज्वारीची भाकर थापत होती. मी जहाजाचं सांगितलं. वाटलं रडेल. ती भाकर उलटवून म्हणाली, "जाय ना भाऊ, कोन आडावस? पन पाय तुन्हा नहीत, देवना शेतस. पहिले खुंटी ठोक, मंग समुद्रमा जाय नहीते आभायमा जाय."

ही खुंटीची गोष्ट मी विसरूनच गेलो होतो. मी चार वर्षांचा होईपर्यंत चाललो नाही म्हणे. बसल्या जागी सरकायचो. मायने साखळ्यादेवाला नवस केला, पोरगा चालू दे, तो आपल्या पायाने कडा चढून खुंटी ठोकेल. त्यानंतर मी चाललो. मायच्या मते नवस फेडला नाही म्हणूनच मी अजून थांबत नाही.

साखळ्यादेव म्हसावदच्या पुढे सातपुड्यात आहे. उभा कडा, वर देव. ज्याचा नवस फळला त्याने हातभर लांबीची लोखंडी खुंटी घडवायची आणि कड्यात ठोकायची. खुंटीच्या डोक्याच्या कडीतून साखळी ओवलेली. अशा नवसांच्या खुंट्यांनीच वरपर्यंत वाट झाली आहे. आता वाट पुरी झाली म्हणून नव्या खुंटीला नवी जागा नाही. जी सगळ्यात ढिली झाली असेल ती काढायची आणि त्याच भोकात आपली ठोकायची.

आबा ओसरीवर दोर वळत होते. मायने त्यांना सांगितलं, छगन खुंटी ठोकून जहाजावर जातो म्हणतो. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "ठोक म्हना."

बघा. जा म्हणायला एक क्षण लागला नाही.

५ फेब्रुवारी

लोणखेड्याच्या लोहाराकडे जाऊन खुंटी घडवली. घरात नवं लोखंड असताना आबांनी जुन्या गाडीचा मोडका आस दिला. कंजूषपणा. त्याच गाडीत मला लहानपणी वैद्याकडे आणि बुवाकडे फिरवायचे, असं माय सांगत होती. म्हणजे लोखंड किती जुनं ते बघा.

आबा स्वतः बरोबर आले आणि भात्याजवळ बसून राहिले. लोहार पुरे म्हणाला तर यांनी अजून ठोकायला लावलं. म्हणाले, "त्याले त्यावर उभं ऱ्हानं शे." मला वाटतं त्यांचा लोहारावर विश्वास नाही.

संध्याकाळी सराव म्हणून दारातल्या निंबावर चढलो. भिकनभाऊ खालून म्हणाला, "उतर आते, चिमण्या घाबरी ऱ्हायन्यात." मोठा भाऊ आहे म्हणून ऐकून घेतलं.

८ फेब्रुवारी

उद्या पहाटे जंगलातून लाकूड आणणारा ट्रक जाणार, त्यात बसून जायचं आणि संध्याकाळी त्याच्यातच परत. मी, माय, भिकनभाऊ. आता आबा म्हणतात मीही येतो. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला. मी सुरतेला गेलो त्याच वर्षी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले, असं मायने सांगितलं होतं. आमच्या विहिरीला पायऱ्या नाहीत. दुसऱ्याच्या विहिरीवर गेले असतील.

मी म्हणालो, आबा, तुम्ही कशाला? तर म्हणतात, "देखाले."

मी पडलो तर बघायला मिळावं म्हणून.

नवापूर स्टेशन, १० फेब्रुवारी

समोरून गाडी यायची आहे म्हणून आमची थांबवून ठेवली आहे. तोवर कालचं लिहितो. हाताची सालं निघाली आहेत, अक्षराला हसू नये.

कड्याखाली पोचलो तेव्हा ऊन नुकतं आलं होतं. खालून पाहिलं आणि मान दुखेपर्यंत वर कडाच. साखळी मध्येमध्ये चमकत होती, मग दिसेनाशी व्हायची. देवाचं बघणारा दलसिंग पावरा तिथे तंबाखू मळत बसला होता. माझ्या पायांकडे पाहून मायला म्हणाला, "हेच पाय का? सुरतेचे दिसतात." मग मला म्हणाला, "बूट काढ. देवाला चालत नाही. मलाही चालत नाही."

त्याने माझ्या कमरेला दोर बांधला, दोराच्या टोकाला लोखंडी आकडा. आकडा साखळीत अडकवायचा. खुंटी आली की सोडवून पलीकडे अडकवायचा. मी विचारलं, सोडवल्यापासून अडकवेपर्यंत काय? तो म्हणाला, "तेवढं देव बघतो. लवकर अडकव, त्याला दुसरी कामं आहेत."

आणि एक नेम सांगितला. ज्याच्या खुंटीवर पाय द्यायचा त्याचं मोठ्याने नाव घ्यायचं. त्याच्या नवसावर आपण उभे राहणार, विचारल्याशिवाय कसं उभं राहायचं? नावं कुठे लिहिलेली नाहीत. दलसिंग पुढे चढतो आणि सांगतो.

पहिली जान्याची. "जान्या!" म्हणून पाय दिला. जान्याने नवस केला होता, दारू गाळताना जंगलचा गार्ड येऊ नये. दुसरी खुंटी त्या गार्डाचीच. त्याचा नवस, या डोंगरातून बदली व्हावी. देवाने त्याची बदली केली आणि दोन खुंट्या मिळवल्या. गार्डाचं नाव दलसिंगलाही ठाऊक नाही, म्हणून "गार्डसाहेब!" म्हणायचं. तिसरी अनुसयाबाईची. सासूचं तोंड बंद व्हावं म्हणून. मी विचारलं, बंद झालं का? दलसिंग वरून म्हणाला, "हिची खुंटी करकरते. पाय ठेव, कळेल." खरंच करकरली.

इथपर्यंत मजा होती. पुढे कडा बाहेर आलेला आहे आणि वाट आडवी जाते. पायाखाली खुंटी, हातात साखळी, मध्ये नुसती हवा. खाली ट्रक काडेपेटीएवढा. माय लुगड्याच्या रंगावरून ओळखू येत होती. मी तिथे थोडा वेळ थांबलो. देखावा चांगला होता. डोळे मात्र उन्हामुळे मिटले होते.

"थांबला का?" दलसिंग म्हणाला.

"देखावा पाहतो."

"तोंड तर दगडाकडे आहे."

खरं लिहायचं तर पाय आपोआप हलत होते, शिवणयंत्रासारखे. चार वर्षांचा होईपर्यंत जसा बसून होतो तसं बसावंसं वाटलं. पण बसायला जागा नव्हती. मनात आलं, जहाजाला निदान कठडा असेल.

तेवढ्यात तो म्हणाला, "पुढची हलते. हीच काढायची, हिच्या जागी तुझी. पण आधी एकदा पाय देऊन बघ, हात साखळीला घट्ट. नाव घे, रूपचंद."

मी म्हणालो, "कोण रूपचंद?"

"तो काय खाली. लंगडा."

मला वाटलं मस्करी करतो. आबा आणि नवस? आबा घरच्या देवालाही घाईघाईत हात जोडतात. आणि बापाचं नाव घ्यायचं कसं? आमच्यात कोण घेतं? शाळेत मास्तरांनी विचारलं तेव्हा घेतलं असेल, तेही हळू. दलसिंग म्हणाला, "घे लवकर, ऊन चढतं आहे."

मी दगडाला तोंड लावून म्हणालो, रूपचंद.

"देवाला ऐकू आलं नाही."

मग मी ओरडलो, "रूपचंऽऽद!" आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. आणि खालून आबांनी ओ दिली.

"ओऽऽ!"

सवयीने दिली असेल. कोणी हाक मारली की माणूस ओ देतोच. पण पाय हलायचे थांबले. का ते कळलं नाही, बहुतेक विश्रांती झाली होती.

खुंटी काढताना दलसिंग सांगत होता. "तीन पावसाळे झाले. कापूस निघत होता तेव्हा हा एकटाच आला. म्हणाला, हरवलं होतं ते सापडलं. चढला नीट. उतरताना अनुसयाबाईवरून पाय घसरला, गुडघ्यावर आपटला. मी पाठीवर घालून खाली आणला. वाटभर हसत होता, येड्यासारखा."

मी विचारलं, "काय हरवलं होतं?"

"मी विचारत नाही."

मला लगेच समजलं. मी गेलो त्याच आठवड्यात आमचा मोऱ्या बैल चरायला गेला तो आलाच नव्हता. म्हणजे बैलापायी गुडघा घालवला आणि आम्हाला सांगितलं विहीर! मला जरा वाईट वाटलं. बैल चांगला होता, पण तरी.

जुनी खुंटी निघाली, अर्धी गंजलेली. माझी बसवली. एका हाताने साखळी, दुसऱ्याने हातोडा. पहिला घाव खुंटीवर, दुसरा अंगठ्यावर, बाकीचे बरे बसले. मग दोन्ही पाय माझ्या खुंटीवर ठेवून उभा राहिलो. ती जराही हलली नाही. आबांनी लोहाराला जास्त ठोकायला लावलं होतं त्याचा थोडा उपयोग झाला म्हणायचं. दलसिंग म्हणाला, "आता तुझं नाव घे, पुढच्यांना कळायला हवं." मी ओरडलो, "छगन!" खालून कोणी ओ दिली नाही. माझंच नाव, कोण देणार?

वर जाऊन देवाला नारळ फोडला. देव म्हणजे शेंदूर लावलेला दगड आणि भरपूर वारा. खाली उतरलो तेव्हा गुळाचा प्रसाद हातात घेऊन दलसिंग खट्टू झाला, "तुम्हा गुजरांचा नवस म्हणजे कोंबडं नाहीच." मग काढलेली खुंटी माझ्या हातात दिली. तिचाही नेम आहे. ज्याने काढली त्यानेच ती मूळ मालकाच्या घरी नेऊन भिंतीत ठोकायची. दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवायची नाही. तोपर्यंत दोघांचाही नवस कच्चा.

मला काल रात्रीचीच गाडी धरायची होती. म्हटलं, ट्रक कळसाडीवरून न्या, पाच मिनिटांत ठोकतो आणि जातो. तर आबा म्हणाले, "आज नही. माले शहादाले काम शे."

"मग मी भिकनभाऊबरोबर घरी जाऊन ठोकतो."

"मी नही तर कशी ठोकशी? मालक मी शे ना. ऱ्हाऊ दे तुन्हाजोडे. परत येशी तवय ठोक."

माय पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहत होती.

शहाद्यात आबांचं काय काम होतं ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. ट्रकमधून उतरले आणि मोटार स्टँडवर माझ्याशेजारी बसून राहिले. भेळ घेऊन दिली. मोटार सुटली तेव्हा उठले. इतक्या लांब येऊन काम न करता गेले. म्हातारपण.

मोटारीत बसण्याआधी मी पिशवी वर चढवणाऱ्या भिकनभाऊला हळूच विचारलं, मोऱ्या सापडला केव्हा? तो म्हणाला, "मोऱ्या कोठे सापडना? बेपत्ता तो बेपत्ता." म्हणजे बैल सापडलाच नाही आणि आबांनी सापडला म्हणून खुंटी ठोकली! देवालाही फसवलं! मी हे सांगितलं तर भिकनभाऊ म्हणाला, "मास्तरनी तुले उगाच नापास नही करं."

गाडीने शिट्टी दिली.

सुरत, २६ फेब्रुवारी

ठाकोरच्या मामाचा निरोप आला. मार्चच्या वीस तारखेला जहाज. एक पिशवी, दोन कपडे, फोटो. बाकी काही आणू नको.

खुंटीचं काय करायचं?

५ मार्च

खुंटी ट्रंकेत आहे. ट्रंक उघडली की कपड्यांना गंज लागलेला. ठाकोर म्हणतो, दे फेकून. याला काय जातं सांगायला? समुद्रात नेली आणि नवस कच्चा म्हणून पाय गेले तर? जहाजावर सरकत सरकत काम करू? आमच्या गावचा एक जण कापडाच्या बाजारात भेटला, त्याच्याजवळ द्यायला निघालो होतो, मग नेम आठवला.

६ मार्च

आज कामावरून सुटल्यावर होप पुलावर गेलो. ही तापी आमच्याकडूनच येते. म्हटलं हिच्यात टाकली तर घरच्याच पाण्यात टाकल्यासारखं. बराच वेळ हातात धरून उभा होतो. पण पाणी तर इकडेच येतं, तिकडे जात नाही. खुंटी घरापासून आणखी लांबच गेली असती. शिवाय लोखंड अजून चांगलं आहे. परत आणली.

हातात धरली की आबांची ती ओ आठवते. कानात बसली आहे. कड्यावरच्या वाऱ्याने होतं असं.

९ मार्च

ठरलं. घरी जाऊन ठोकतो आणि तिथूनच परस्पर मुंबई. शेठला हिशेब पुरा करायला सांगितला. ठाकोर म्हणाला, "पाछो आवजे," म्हणजे परत ये. त्याला म्हटलं, तीन दिवसांचं काम आहे.

कळसाडी, १२ मार्च

दुपारी पोचलो. माय म्हणाली, "उना का?" जणू बाजारातून आलो.

आबांनी भिंतीत भोक आधीच करून ठेवलं होतं. ओसरीत नाही, देवघरात नाही, माझ्या जुन्या खाटेच्या डोक्यावर, आढ्याजवळ. एवढ्या उंच का, विचारलं तर म्हणाले, "खाले पोरं हात लावतस." घरात लहान पोरं नाहीत. भिकनभाऊचं लग्न आखाजीच्या सणानंतर आहे.

शिडी लावून चढलो. आबा खाली शिडी धरून उभे. खरं तर शिडी पक्की होती, धरायची गरज नव्हती. मी हातोडा उचलला तर म्हणाले, "नाव ले ना."

घरातही घ्यायचं? पण नेम तो नेम. हळूच म्हणालो, "रूपचंद."

"हां," आबा म्हणाले, तेही हळूच. मग मी ठोकली.

उतरल्यावर मला वाटलं आता मोऱ्याची घंटा टांगतील, ती अजून कोठ्यात पडली आहे. तर ते लंगडत शिडीवर चढले, मी नको नको म्हणत असताना, आणि माझी पिशवी तिथे टांगली. कपडे, फोटो, मामाचा पत्ता, सगळं आत. म्हटलं, आबा, ही तर मला उद्या लागणार. ते म्हणाले, "मंग काढ उद्या."

वयामुळे होतं. काय कुठे टांगायचं हे उमगत नाही.

१९ मार्च

आज निघालो असतो तर जहाज मिळालं असतं. केळीच्या बागेत पाट फुटला होता, आबांचा गुडघा असा, भिकनभाऊ होणाऱ्या सासरवाडीला. मग कोण जाणार? मी गेलो. चिखलात उभं राहून पाट बांधला. पायाला मुंग्या आल्या नाहीत. पाण्यात होते म्हणून.

संध्याकाळी ओसरीवर आबांना एकदाचं विचारून टाकलं. म्हटलं, आबा, राग मानू नका, पण मोऱ्या सापडला नाही आणि तुम्ही खुंटी ठोकली, देवाला काय वाटलं असेल?

आबांनी दोराला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाले, "सापडना नही आशे कोन म्हनस?"

मी गोठ्यात जाऊन पुन्हा पाहून आलो. मोऱ्या नाही. बाकीचे बैल माझ्याकडे पाहत होते. आबांना आता काही विचारायचं नाही.

२ एप्रिल

पिशवी अजून वरच आहे. काढायला हात पुरत नाही. शिडी भिकनभाऊने कोणाला तरी दिली, कोणाला ते त्याला आठवत नाही.